नवा घोडा घरी आणण्यापूर्वी: खान्देशातील पशुपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, शहादा तालुक्यातील तापीकाठच्या सारंगखेडा येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजारही भरतो. राजस्थान, गुजरात, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रांतांतून तेथे जनावरे येतात. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील अनेकांच्या घरी पहिला घोडा येतो, तो याच बाजारातून. घोडा पसंत करण्यावर जेवढी चर्चा होते, तेवढी त्याला ठेवायचे कसे यावर होत नाही. त्यामुळे पुढील उत्तरांत खरेदीपेक्षा खरेदीपूर्वीच्या आणि घोडा दारी आल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांच्या तयारीवर अधिक भर दिला आहे.

प्रश्न : आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बैल आणि म्हशी आहेत. घोड्यासाठी वेगळे काय शिकावे लागेल?

बरेच काही शिकावे लागेल, आणि ज्यांच्याकडे गुरांचा दांडगा अनुभव आहे त्यांनी हे अधिक लक्षपूर्वक वाचावे, कारण खान्देशातील घोड्यांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका अज्ञानातून होत नाहीत, तर बैलाचे ज्ञान घोड्याला लागू केल्याने होतात. बैल रवंथ करतो. त्याच्या चार कप्प्यांच्या पोटात निकृष्ट, थोडाफार बुरसटलेला चाराही जिरून जातो. घोड्याला एकच जठर असते, तेही शरीराच्या मानाने लहान, आणि चाऱ्याचे पचन पुढे मोठ्या आतड्यात होते. त्यामुळे त्याला थोडे थोडे पण जवळजवळ दिवसभर खावे लागते. बैलासारखे सकाळ-संध्याकाळ भरपूर टाकून मध्ये उपाशी ठेवलेले त्याला मानवत नाही. त्यातच घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेले चुकीचे अन्न बाहेर टाकण्याचा मार्गच त्याच्याकडे नसल्याने पोट फुगले की प्रकरण थेट जिवावर बेतते.

दुसरा फरक स्वभावाचा आहे. बैल घाबरला तर बहुधा अडून उभा राहतो, घोडा मात्र पळतो, आणि पळता आले नाही तर लाथ मारतो. त्याला वेसण नसते, म्हणून नाक धरून आवरण्याची सवय असलेल्या सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याच्या, हाती पहिल्याच दिवशी नवे जनावर सोपवू नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार बदलतात त्या घरांत ही अडचण दरवर्षी नव्याने उभी राहते. घोड्याच्या देखभालीची जबाबदारी घरातील एका ठरावीक व्यक्तीने घ्यावी आणि गड्याने मदत करावी, हीच रचना टिकते.

प्रश्न : तयारीला किती आधी लागावे?

बाजारात डिसेंबरमध्ये जायचे असेल, तर चाऱ्याचा विचार त्याआधीच्या फाल्गुनातच करावा लागतो. खान्देशातील रब्बीची दादर ज्वारी काढणीला येते ती साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि तिचा कडबा इकडे सर्वांत चांगला समजला जातो. डिसेंबरमध्ये तो ताजा मिळणार नाही. मागील हंगामाचा कडबा कोरड्या जागी रचून ठेवलेला असेल तर ठीक, नसेल तर खरीप ज्वारीच्या कडब्यावर दादर येईपर्यंतचे दिवस काढावे लागतात, आणि त्या वर्षी परतीचा पाऊस कडब्यावर पडला असेल तर तो नीट तपासूनच घ्यावा.

जागेची दुरुस्ती दिवाळीपूर्वी संपवावी. आणि घोडा ठरवण्यापूर्वी दोन माणसे शोधून ठेवावीत: घोडे तपासण्याचा अनुभव असलेले पशुवैद्यक आणि नालबंद. गुरांचे डॉक्टर प्रत्येक तालुक्यात असतात, परंतु घोड्याच्या नाकातून पोटात नळी घालण्याचा सराव असलेले थोडेच असतात. हे दोघे हाकेच्या अंतरावर मिळत नसतील, तर आमच्या मते खरेदी एक वर्ष पुढे ढकलणे उत्तम.

प्रश्न : घोडा खळ्यात गुरांबरोबर बांधता येईल का?

खळ्यात ठेवण्यास हरकत नाही, मात्र गुरांच्या दावणीत बांधू नये. बैलाचे शिंग घोड्याच्या पोटाला लागते आणि घोड्याची लाथ वासराला. त्याशिवाय गुरांची ढेप आणि पशुखाद्य घोड्याच्या तोंडाशी येते, ज्याविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

सुमारे ६० इंच उंचीच्या घोड्यासाठी १२ फूट बाय १२ फूट मोकळी जागा असावी, म्हणजे त्याला बसता, लोळता आणि न अडकता उठता येते. छत किमान १० फूट उंच असावे आणि दार चार फूट रुंद असावे. पागेची लांबी पूर्व-पश्चिम ठेवल्यास दुपारचे ऊन आत कमी शिरते. आपल्याकडे सर्रास पत्र्याचे छत असते आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा त्या पत्र्याखाली कोणतेही जनावर भाजून निघते. पत्र्यावर पऱ्हाटीचा किंवा उसाच्या पाचटाचा जाड थर अंथरून तो दोरीने घट्ट बांधावा. हा थर उन्हाळ्यात अत्यंत ज्वलनशील असतो, म्हणून जवळून विजेची उघडी तार गेलेली नसावी. भिंती पूर्ण बंद करण्यापेक्षा वरचा भाग मोकळा सोडावा. मूत्रातून उठणारा अमोनियाचा उग्र वास फुप्फुसांना बाधतो, आणि तो वास माणसाला आत शिरताच जाणवत असेल तर घोडा तो रात्रभर घेत असतो.

जमीन हा आपल्या भागातील सर्वांत नाजूक मुद्दा आहे. काळी माती पावसाळ्यात टापेला लगदा होऊन चिकटते, तळव्यात साचते आणि तेथे कुजका, दुर्गंधीयुक्त रोग होतो. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते. त्यामुळे पागेचा तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच घेऊन त्यावर मुरूम टाकावा, पाणी मारून चोपावा आणि मूत्र वाहून जाण्यापुरता उतार ठेवावा. उघड्या शहाबादी फरशीवर घोडा घसरतो, तेथे तिच्यावर जाड अंथरूण हवेच. अंथरुणाला गव्हाचे काड किंवा लाकडाचा कोरडा भुसा चालतो.

कुंपणाला काटेरी तार वापरू नये. रानडुकरांसाठी शेताला ती लावलेली असते, पण भडकलेला घोडा ती पाहत नाही आणि पायाची शीर तुटेपर्यंत ओढत राहतो.

प्रश्न : मारवाडी घ्यावा, काठेवाडी की नुकरा?

मारवाडी आणि काठेवाडी या दोन्ही जाती कोरड्या, उष्ण हवामानात घडलेल्या असल्याने खान्देशात चांगल्या रुळतात. दोन्हींचे कान आत वळलेले असतात. काठेवाडी सहसा थोडा ठेंगणा असतो. नुकरा हा गुलाबी कातडीचा पांढरा घोडा लग्नसराईत मागणी असलेला, परंतु त्याच्या नाकाची आणि डोळ्यांभोवतीची फिकट कातडी उन्हात लवकर पोळते, म्हणून आपल्या उन्हाळ्यात त्याला सावली अधिक लागते. बाजारात बोली उंचीच्या इंचांवर चढते. ६२ इंच, ६४ इंच असे आकडे ऐकू येतात आणि प्रत्येक इंचामागे किंमत वाढते. पहिला घोडा घेणाऱ्याने या स्पर्धेत पडू नये. आठ ते बारा वर्षांचा, शांत, माणसाळलेला, शक्यतो घोडी किंवा खच्ची केलेला घोडा घ्यावा. वळू राखण्यासाठी जुना हात लागतो. दोन वर्षांचे देखणे शिंगरू घेऊन 'आपण त्याच्याबरोबर शिकू' असा विचार करणाऱ्यांचे आणि त्या शिंगराचेही सहसा हाल होतात.

प्रश्न : अंगावर केसांचा अशुभ भोवरा असलेला घोडा घेऊ नये, असे घरची वडीलधारी मंडळी सांगतात. त्यात तथ्य आहे का?

देवमण, पंचकल्याणी, खुंटेउपाड, गोम ही भोवऱ्यांवरून आणि रंगखुणांवरून शुभ-अशुभ ठरवण्याची परिभाषा बाजारात आजही जिवंत आहे आणि तिचा किमतीवर परिणाम होतो, हे खरे. भोवऱ्याचा घोड्याच्या आरोग्याशी संबंध नाही. तथापि घरातील ज्येष्ठांच्या मनात कायमची अढी राहणार असेल, तर त्या जनावराची आबाळ होते, म्हणून त्यांना बाजारात सोबत नेऊन निवड त्यांच्या डोळ्यांसमोर करावी. उलट, ज्याला भोवऱ्यांचे सोयरसुतक नाही त्याला असा 'खोटा' भोवरा असलेला निकोप घोडा पुष्कळ स्वस्तात मिळतो. विकताना मात्र तेवढीच घट सोसावी लागेल.

प्रश्न : बाजारात घोडा कसा तपासावा?

प्रथम दातांवरून वय पाहावे. घोड्याच्या पुढच्या दुधाच्या दातांपैकी मधली जोडी सुमारे अडीच वर्षांनी, तिच्या शेजारची साडेतीन वर्षांनी आणि कडेची साडेचार वर्षांनी पडून कायमचे दात येतात. पाचव्या वर्षी तोंड पूर्ण जुळते. पुढे वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी तपकिरी खाच साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती अर्ध्या दातापर्यंत आणि विसाव्या वर्षी तळापर्यंत पोचते. हा अंदाज असतो, पण 'सात वर्षांचा आहे' असे सांगणाऱ्याच्या घोड्याच्या दातावर ती खाच अर्ध्यावर उतरलेली असेल, तर बोलणे तेथेच थांबवावे.

त्यानंतर पाय पाहावेत. मऊ वाळूत किंवा गाद्यांवर नाचवून दाखवलेल्या घोड्याचा लंगडेपणा झाकला जातो. त्याला कडक सपाट जमिनीवर, सैल दोरीने, सरळ रेषेत दुडकीने चालवायला सांगावे. पुढच्या पायाला दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो. चारही टापा उचलून तळवा पाहावा, वास घ्यावा. टाप उचलू न देणाऱ्या घोड्याला नालबंदही हात लावणार नाही.

काही लबाड्याही ठाऊक असाव्यात. वेदनाशामक औषध दिलेला लंगडा घोडा दिवसभर नीट चालतो. गुंगीचे औषध दिलेला घोडा मान खाली टाकून, खालचा ओठ लोंबता ठेवून, आजूबाजूच्या ढोल-ताशांनाही दाद न देता उभा राहतो आणि घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याचा खरा स्वभाव कळतो. यावर उपाय एकच, तो म्हणजे तोच घोडा दोन वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी आणि शक्य तर न सांगता जाऊन पाहणे. काळ्या घोड्याला रंग लावल्याची शंका असेल तर ओल्या पांढऱ्या कापडाने पोटाखाली आणि कानामागे घासून पाहावे. विकणाऱ्याला त्याचा राग येत असेल, तर त्या रागातच उत्तर आहे.

प्रश्न : रक्ततपासणी खरोखर आवश्यक आहे का? विकणारा म्हणतो, घोडा ठणठणीत आहे.

आवश्यक आहे, आणि या एका बाबतीत तडजोड नसावी. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग घोडा, गाढव आणि खेचर यांना होतो व त्यांच्यापासून माणसालाही होतो. नाकातून चिकट स्राव, कातडीवर गाठी आणि त्या फुटून होणारे व्रण ही त्याची लक्षणे असली, तरी कित्येक घोड्यांत रोग बाहेरून दिसत नाही. त्यावर घोड्यासाठी मान्य उपचार वा लस नाही. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्याखाली हा रोग शासनाला कळवणे बंधनकारक असून बाधित जनावर नष्ट केले जाते. या रोगाच्या निदानासाठी हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राचा अहवाल प्रमाण मानला जातो. नमुना पशुवैद्यकामार्फत पाठवावा, आणि अहवालावरील घोड्याचे वर्णन, म्हणजे रंग, पांढऱ्या खुणा, भोवरे आणि वय, समोरच्या घोड्याशी ताडून पाहावे. भोवऱ्यांचा खरा उपयोग हा, ओळख पटवण्याचा.

त्याच नमुन्यातून घोड्यांचा सांसर्गिक रक्तक्षय आणि सर्रा यांचीही तपासणी करून घ्यावी. सर्रा हा चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरणारा रक्तातील परोपजीवीचा रोग असून त्यात ताप येतो-जातो, घोडा वाळत जातो आणि पाय व पोटाखालचा भाग सुजतो.

प्रश्न : व्यवहाराचे कोणते कागद घ्यावेत?

बाजारातील खरेदीची रीतसर पावती, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, पशुवैद्यकाचे आरोग्य प्रमाणपत्र, रक्ततपासणीचा अहवाल आणि दोन साक्षीदारांसह लिहिलेला करार. विसार देतानाच 'तपासणीत दोष आढळल्यास रक्कम परत' हे वाक्य लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर कोट्यवधींची उलाढाल होते हे बाजाराचे वैशिष्ट्य असले, तरी पहिल्यांदा घेणाऱ्याने त्या परंपरेत सामील होण्याची घाई करू नये.

प्रश्न : घोडा गाडीतून आणताना काय काळजी घ्यावी?

प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधी १९७८ च्या नियमांनुसार घोडा प्रवासाला योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र सोबत असावे लागते. मालवाहू गाडीच्या तळावर वाळू किंवा काड जाड पसरावे, पत्र्याच्या कडा गोणपाटाने गुंडाळाव्यात आणि दोन घोडे असतील तर मध्ये आडवा दांडा बांधावा.

सर्वांत दुर्लक्षित बाब मान बांधण्याची आहे. घोडा उडी मारेल या भीतीने त्याचे डोके वर ताणून बांधतात. काही तास मान खाली करता आली नाही, तर श्वासनलिकेतील धूळ आणि स्राव बाहेर पडत नाहीत व लांबच्या प्रवासानंतर दोन-तीन दिवसांत न्यूमोनिया होतो. सारंगखेड्याहून शिरपूर किंवा अमळनेरपर्यंतच्या प्रवासात हा धोका कमी, पण राजस्थानातून थेट आणलेल्या घोड्याच्या बाबतीत मोठा असतो. दर तीन-चार तासांनी गाडी सावलीत थांबवून दोर सैल करावा, पाणी दाखवावे आणि त्याला मान खाली घालू द्यावी. घरी आल्यानंतर आठवडाभर सकाळी ताप मोजावा. निरोगी घोड्याचे तापमान साधारण ९९ ते १०१ अंश फॅरेनहाइट असते.

प्रश्न : घरी आणल्यानंतर पहिले काही दिवस कसे असावेत?

ओवाळणे, कुंकू लावणे जरूर करावे, परंतु फटाके आणि डीजे टाळावेत. नंतर त्याला पागेत सोडून पाणी व कडबा द्यावा आणि एकटे राहू द्यावे. पाहुण्यांची रांग आठवडाभराने लावली तरी चालते.

घरी आधीपासून दुसरा घोडा असेल, तर नव्याला किमान तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या बादली-खराऱ्यासह ठेवावे आणि त्याचे काम जुन्याचे झाल्यावर करावे. बाजारातील गर्दीत घशाच्या गाठी पिकवणारा स्ट्रँगल्स किंवा घोड्यांचा फ्लू लागलेला असेल, तर तो या काळात प्रकट होतो.

प्रश्न : खुराक किती आणि कोणता द्यावा?

प्रथम वजन काढावे. काट्याची गरज नाही, शिवणकामाची टेप पुरते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी, घेराला घेराने गुणावे, येणाऱ्या संख्येला लांबीने गुणावे आणि ११८८० ने भागावे. घेर १६५ आणि लांबी १५० असेल, तर वजन सुमारे ३४४ किलो भरते. घोड्याला रोज वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास कोरडे खाद्य लागते, म्हणजे येथे सुमारे सात किलो. त्यातील बहुतांश भाग चाऱ्याचाच असावा. रोज सहा किलो कडबा धरला, तर वर्षाला साधारण २२ क्विंटल होतो. नासधूस धरून २५ क्विंटलची व्यवस्था ठेवावी.

दादरच्या कडब्याची मध्यम आकाराची कुट्टी, जोडीला लसूणघास किंवा भुईमुगाचा नीट वाळवलेला पाला, आणि कामाच्या प्रमाणात भिजवलेला हरभरा, जव किंवा ओट हा आपल्याकडे सहज जमणारा आहार आहे. धान्य एका वेळी दोन किलोंपेक्षा अधिक देऊ नये. गव्हाचा कोंडा अनेकांना पौष्टिक वाटतो. परंतु त्यात स्फुरद फार आणि कॅल्शियम अल्प असल्याने केवळ कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे ठिसूळ होतात व चेहरा सुजल्यासारखा रुंदावतो. लसूणघासातील कॅल्शियम ही उणीव काही अंशी भरून काढते.

विकणाऱ्याकडून आठवडाभराचे त्याचे नेहमीचे खाद्य मागून घ्यावे आणि आठ-दहा दिवसांत ते हळूहळू आपल्या खाद्याने बदलावे. चारा गव्हाणीत किंवा तोबऱ्यातून द्यावा. नदीकाठच्या रेताड जमिनीवर टाकल्यास चाऱ्याबरोबर वाळू पोटात साचते.

प्रश्न : कोणते खाद्य देऊच नये?

बुरशी लागलेला मका कधीही देऊ नये. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत मका विपुल पिकतो आणि भिजलेली, बाजारात न खपणारी कणसे जनावरांपुढे टाकली जातात. गुरे ती बऱ्याचदा पचवतात. घोड्यात मात्र मक्यावरील एका बुरशीच्या विषाने मेंदूचा पांढरा भाग अक्षरशः विरघळतो. घोडा भिंतीला डोके लावून उभा राहतो, गोल फिरतो आणि काही दिवसांत, कधी काही तासांत, मरतो. त्यावर इलाज नाही.

सरकी ढेप शिंगराला पूर्णपणे वर्ज्य आहे आणि मोठ्या घोड्यालाही तिची गरज नाही. गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असू शकते. गुरांना सोसणारी त्याची मात्रा घोड्याचे हृदय निकामी करते. पोते उघडे ठेवू नये आणि चक्की एकच असेल तर घोड्याचे धान्य आधी दळावे. हिरवी ज्वारी सलग चारल्याने घोड्याच्या मूत्राशयाला सूज येऊन मागचे पाय लुळे पडतात. कपाशीच्या बांधावरचे गवत फवारणीच्या दिवसांत आणू नये. बांधावरील एरंडाच्या बिया आणि अंगणातील कण्हेर यांची थोडीशी मात्राही प्राणघातक असते, म्हणून घोडा येण्यापूर्वीच ती झाडे त्याच्या वाटेवरून काढून टाकावीत.

प्रश्न : उन्हाळ्यात घोड्याला कसे जपावे?

एरवी दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पिणारा घोडा मे महिन्यात काम केल्यास त्याहून पुष्कळ अधिक पितो. पाणी सतत समोर असावे आणि हौद सावलीत असावा, कारण उन्हातील प्लास्टिकच्या टाकीचे तापलेले पाणी तो टाळतो. घामावाटे मीठ जाते, म्हणून खाद्यात रोज सुमारे ३० ग्रॅम मीठ आणि गव्हाणीत सैंधवाचा खडा ठेवावा.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नये, असा समज सर्वत्र आहे, आणि तो चुकीचा आहे. धापा टाकणाऱ्या घोड्याच्या सर्वांगावर सतत पाणी ओतत राहणे हाच उष्माघातावरील पहिला उपचार होय.

वैशाखातील लग्नाच्या दुपारच्या वरातीसाठी घोडा भाड्याने देण्याचा विचार असेल, तर ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसंबंधी १९६५ चे नियम वाचावेत. तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जात असलेल्या भागात अशा जनावरांना दुपारी १२ ते ३ या वेळेत कामाला लावण्यास त्यांत मनाई आहे. वरातीचा घोडा त्या व्याख्येत बसतो की नाही हा वाद वकिलांनी घालावा. खान्देशात मार्च ते जून हा काळ जवळजवळ पूर्णपणे त्या मर्यादेपलीकडचा असतो आणि घोड्याच्या शरीराला व्याख्या कळत नाही.

प्रश्न : कोणता साज आधी घ्यावा?

मोहरकी (तोंडावर चढवून दोर बांधायचा साज), दोन मजबूत सुती दोर, खरारा, टापा साफ करण्याची आकडी, तोबरा आणि माश्यांसाठी डोळ्यांवरची झालर. खोगीर घोडा आल्यानंतर त्याच्या पाठीच्या मापाने घ्यावे. काटेरी लगाम घेऊ नये, १९६५ च्याच नियमांत त्याला मनाई आहे. अगाडी-पछाडी, म्हणजे पुढून आणि मागून दोर, बांधून चोवीस तास उभे ठेवण्याची जुनी पद्धत लष्करी तळावर सोयीची होती. घरच्या घोड्याला रोज काही तास मोकळे सोडावे.

प्रश्न : नाल कधी मारावी?

डांबरी रस्त्यावर नियमित काम असेल तर नाल हवी, केवळ शेतरस्त्याने फिरणार असेल तर बहुधा नको. नाल असो वा नसो, दर सहा ते आठ आठवड्यांनी टापा कापून समतोल कराव्याच लागतात. पावसाळ्यात तळवा रोज साफ करावा.

प्रश्न : पोटशूळ कसा ओळखावा आणि डॉक्टर येईपर्यंत काय करावे?

घोडा खाणे सोडतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून वळून पोटाकडे पाहतो, घामाघूम होतो, लोळतो आणि लीद थांबते. यांपैकी दोन लक्षणे एकत्र दिसली, तरी तत्काळ फोन करावा. शासनाच्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. दरम्यान चारा व धान्य काढून घ्यावे, जबड्याच्या खालच्या कडेवरील शिरेवर बोट ठेवून नाडी मोजावी आणि लिहून ठेवावी. विश्रांतीत ती मिनिटाला २८ ते ४४ असते. साठच्या वर गेली असेल तर तो आकडा फोनवरच सांगावा. घोडा शांत पडून असेल तर पडू द्यावे, आपटून लोळत असेल तर सावकाश चालवावे. गुरांना पाजतात तसे नळकांड्याने तेल किंवा काढा पाजू नये. घोड्याच्या बाबतीत तो द्रव फुप्फुसात जाण्याची भीती असते, आणि पोटशुळातून वाचलेला घोडा मग न्यूमोनियाने जातो.

प्रश्न : लसीकरण आणि जंतनाशकाचे वेळापत्रक काय असावे?

धनुर्वाताची लस प्रथम घ्यावी: चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि नंतर दरवर्षी एक. रेबीजची लसही दरवर्षी द्यावी, गावात मोकाट कुत्री असतातच. फ्लूच्या लसीविषयी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा. जंतनाशक अंदाजाने देण्याऐवजी लीद तपासून द्यावे. पागेत काम करणाऱ्या माणसांनीही धनुर्वाताची लस घेतलेली असावी.

प्रश्न : एकटा घोडा ठेवता येतो का?

येतो, परंतु त्याला आवडत नाही. दुसरा घोडा परवडत नसेल, तर एखादी शेळी सोबत ठेवावी. शेळीवर जीव जडल्याने ती नजरेआड होताच खिंकाळणारे घोडे पुष्कळ आहेत.

प्रश्न : घोड्याचा विमा निघतो का?

निघतो. शासनाच्या पशुधन विमा योजनेत घोड्याचाही समावेश आहे आणि हप्त्याचा मोठा भाग अनुदानातून भरला जातो. त्यासाठी पशुवैद्यकाचे मूल्यांकन, ओळख पटवणारी खूण आणि घोड्यासह मालकाचे छायाचित्र लागते. चौकशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. खरेदीची पावती नसल्यास बाजारभाव सिद्ध करणे कठीण जाते, म्हणून ती जपून ठेवावी.

प्रश्न : शहरात, वसाहतीत घोडा ठेवला तर चालेल का?

नगरपालिका वा महानगरपालिकेची परवानगी आधी विचारून घ्यावी. प्रत्यक्षात तक्रार येते ती लीद आणि माश्यांची. एक घोडा दिवसाला पाटीभर लीद टाकतो, ती रोज उचलून घरापासून दूर झाकलेल्या खड्ड्यात कुजवावी. केळीच्या बागांना कुजलेले खत नेहमीच हवे असते, आणि रावेर-यावल पट्ट्यातील शेतकरी ते स्वतःची गाडी आणून उचलून नेतात.